तिला बरड नको होतं

माझ्या बायकोने मरायच्या आधी एकच गोष्ट मागितली. मला काळीत ठेवा, बरडात ठेवू नका.

आमच्या घरी माणूस जाळत नाहीत, पुरतात. तेही आपल्याच वावरात. माझा बाप, आजा, चुलते, सगळे वरच्या टेकाडावर आहेत, बरडात. वाडवडिलांनी जागा विचार करूनच धरली असेल. बरड म्हणजे तांबडा मुरूम आणि गोटे. पीक म्हणावं तर तीळ, मूग, नाहीतर जनावरांपुरती ज्वारी. पाणी पडलं की चाळणीतून गेल्यासारखं खाली जातं. आज पाऊस झाला तरी उद्या सकाळी चप्पल घालून फिरा, चिखल लागत नाही. पण पावसाने जरा दडी मारली की तिथलं पीक सगळ्यात आधी माना टाकतं. अशा जमिनीत चार माणसं निजली तर पिकाचं काही नुकसान नाही. आणि दुसरं म्हणजे बरड हलत नाही. जिथं ठेवलं तिथं राहतं.

काळी हलते. हे शहरातल्या माणसाला सांगितलं तर हसतो, पण आमच्या समुद्रपूरकडच्या कोणत्याही गावात जाऊन भिंती पाहा. काळीवर बांधलेलं घर म्हटलं की भिंतीला तडा आलाच. विजेचे खांब दारुडे उभे राहावे तसे उभे. काळी पावसात फुगते, उन्हात आटते. ओली असली की पाय धरून ठेवते, चप्पल तिच्याकडे सोडून यावी लागते. वाळली की कुदळीला ठिणगी पाडते आणि हात कोपरापर्यंत जाईल अशी भेग देते. पण तिच्या पोटात ओल किती! पाऊस जाऊन दिवाळी उलटली तरी हरभरा एकही पाणी न देता येतो.

आमचं वावर एकच आहे, पण वरून खाली चालत गेलं की तीन जमिनी लागतात. वर बरड, मध्ये मोरंड, खाली नाल्याला लागून काळी. मोरंड म्हणजे ना धड काळी ना धड बरड. पाणी थोडं धरते, थोडं सोडते, कोणाशी भांडत नाही. माझं सगळं पोट त्या मोरंडीनं भरलं. पण बायकोचा जीव काळीत.

त्याला कारण होतं. तिचं माहेर बरडातलं. लग्न होऊन आली तेव्हा खालच्या पट्टीत उतरली, मूठभर माती उचलली, दाबली, आणि मुठीत तिचा गोळा झाला तसा मला दाखवला. "पाहा, बोटायचे ठसे उमटले," म्हणाली. मी म्हटलं, उमटतातच, त्यात काय. तर म्हणाली, "आमच्याइकडं मूठ उघडली का हातात गोटेच राह्यते."

नाल्याच्या कडेची ती पट्टी मग तिचीच झाली. हिवाळ्यात हरभऱ्याची कोवळी भाजी खुडायला ती तिथंच बसायची.

बाजेवर पडल्या पडल्या तिने जागा सांगितली तेव्हा मी भांडलो. मरणाऱ्या माणसाशी भांडू नये हे मला कळतं. पण आमचं बोलणं सारा जन्म भांडूनच झालं.

"काळीत माणूस ठेवत नाईत," मी म्हटलं. "थे हालते."

"हालू द्या. मले कोठी जायचं हाये?"

"सारे वरतं हायेत. तू एकटी खाली काय करशीन?"

"सारे म्हंजे तुमचेच ना? त्यायचं मी जित्तेपणी लई केलं." मग श्वास घेऊन म्हणाली, "बापाच्या घरी गोटे वेचले. आता अंगावर नोको."

सून उशाशी उभी होती. तिनेही ऐकलं.

वैशाखात ती गेली. खड्डा खणायला गेलो तर जमिनीला चारी बाजूंनी भेगा. कुदळ मारली की माती सुटत नव्हती, ढेकळं सुटत होती. डोक्याएवढी, दगडासारखी. माझा थोरला चुलतभाऊ काठी टेकून उभा होता. आमच्या घरात रीतीभातीचा शब्द त्याचाच. त्याला जागा पसंत नव्हती, पण मेलेल्या माणसाचा शब्द मोडायचा नाही म्हणून गप्प होता. फक्त एवढं म्हणाला, "ज्या खड्ड्याची माती त्याच खड्ड्यात. बाहेरचं एक घमेलं घालू नोका."

तशी आमची रीतच आहे. आलेल्या प्रत्येकाने माती द्यायची. सगळ्यांनी ढेकळं दिली. ती फोडून घ्यावीत हे तिथं कोणाच्या मनात येणार? रडणाऱ्या बाईच्या हातात कोणी ढेकळं फोडायची मोगरी देत नाही. वर मोठा ढीग झाला. उशाला चुना लावलेला गोटा उभा केला. चुलतभाऊ त्याही वेळी बोललाच, "गोटा तर बरडातलाच हाये. हे चालते का तिले?" दोघंतिघं हसले. मीही हसलो असेन.

आणखी एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. त्याच उन्हाळ्यात नाला खोल केला होता. मशीन आली, तिने काठावरची सिंदीची झाडं काढली, कुंद्याचं गवत काढलं, आणि आधी जो काठ उतरता होता तो भिंतीसारखा सरळ कापला. सगळं गाव पाहायला गेलं. मीही गेलो. काय सुंदर दिसत होतं! वरपासून खालपर्यंत काळीभोर माती, एकही गोटा नाही. जमीन भारी आहे म्हणून मी छाती फुगवून उभा होतो. काळी कितीही भारी असली तरी तिला उभं राहता येत नाही, तिला पसरूनच बसावं लागतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण उन्हाळ्यात ती लोखंडासारखी उभी होती.

पाऊस लागला. भेगा मिटल्या, ढेकळं विरघळली, आणि तिच्यावरचा ढीग बसत बसत खड्डाच झाला. त्यात पाणी साचू लागलं. मुलगा जाम गावच्या चौकात एका हार्डवेअरच्या दुकानात कामाला आहे. रविवारी आला तेव्हा त्याने पाहिलं.

"बाबा, दोन ट्रॉल्या मुरूम टाकून देऊ. पाणी जिरून जाईन."

"नाई. तिनं नाई म्हणलं होतं."

"मंग असंच पाण्यात ठेवता का मायले?"

मी बाजूची काळीच हाताने ओढून खड्डा भरला. चार दिवसांनी तोही बसला.

मग श्रावणात झड लागली. आमच्याकडे झड लागली म्हणजे गिरडची टेकडी दिसायची बंद होते. रोज सकाळी मी वावरात जायचो ते फक्त बरडापर्यंत. खाली उतरायची सोय नव्हती. काळीत पाय टाकला की पोटरीपर्यंत आत. म्हणून वरून, आपल्या बापाच्या जवळ उभा राहून, खाली बायकोचा पांढरा गोटा पाहायचा. गोटा दिसला की घरी यायचं.

एक दिवस पाऊस थांबला तेव्हा मी धुऱ्याने, म्हणजे बांधावरून, गवताच्या मुळ्यांवर पाय देत देत, खाली गेलो. नाल्याच्या कडेने, कडेला धरून, एक भेग गेली होती. उन्हाळ्यातली भेग वेगळी. ती चारी दिशांना फाटते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि तिचं काही वाटत नाही. पण भर पावसात, जमीन फुगलेली असताना, नाल्याला समांतर जर भेग दिसली तर ती वाळल्याची नसते. तो कडेचा तुकडा जायला निघाला आहे, एवढाच तिचा अर्थ. आणि त्या भेगेपासून बायकोचा गोटा एका माणसाच्या लांबीवर होता.

मला तिचा राग आला. खोटं कशाला लिहू. मी सांगितलं होतं ना, हलते म्हणून? आता कोणाला बोलू? बोललो तरी आत पाण्यातच बोलायचं.

मुलाला फोन करून बोलावलं. तो सुट्टी टाकून आला. चुलतभाऊही आला. छपरीत बसलो तेव्हा मुलगा सरळ म्हणाला, "आज काढू मायले अन् वरतं नेऊ. उद्या कड गेली तर नाल्यात काय शोधता?"

चुलतभावाने काठी आपटली. "पुरलेलं माणूस उकरत नाईत! समजलं का तुले? कुत्रे उकरतात."

"मंग वाहू द्याचं का, मोठे बाबा? हे चालते तुमच्या रीतीत?"

"मी तवाच म्हणलो होतो का..."

"तवा तुमी गोट्यावर हासत होते!"

दोघंही माझ्याकडे पाहू लागले. जमिनीचं म्हणाल तर मुलाचं खरं होतं. बरडात नेली तर कायमची चिंता मिटली. सून चहा घेऊन दारात उभी होती. ती आमच्यात कधी बोलत नाही. चहा ठेवता ठेवता म्हणाली, "मामाजी, आत्याबाईले बरडात जायचं नोहोतं. मी होतो तिथी." आणि आत गेली.

मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "तिले वरतं न्यायचं नाई. वरतचं बरड खाली आणायचं. तिच्या अंगावर नाई, नाल्याच्या अंगानं. कडेले टेकू द्यायचा."

"चिखलात टॅक्टर जाते का बाबा?"

"टॅक्टर मोरंडीपर्यंत येते. समोर आपण जाऊ."

"उडत जाऊ का?"

"पऱ्हाटीवरून."

पऱ्हाट्या म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटलेली झाडं. आमच्याकडे त्या चुलीत जातात. बायकोने त्या साली उपटून, पेंढ्या बांधून, घरामागे वर्षभराचा ढीग रचून ठेवला होता. शेवटचं मोठं काम तिने तेच केलं. गॅस आल्यावरही तिला भाकर चुलीचीच लागायची. तो ढीग आम्ही फोडला. पेंढ्या काळीवर आडव्या अंथरल्या, वर मुरूम टाकला, आणि त्यावर पाय देत पुढे सरकलो. चिखलात वाट करायची आमची ही जुनी तऱ्हा आहे. काडी काडीत अडकते, पाय आत जात नाही.

वाट कडेपर्यंत गेली तसा मुलगा घमेलं घेऊन धावला आणि गोटे थेट कडेवर, भेगेजवळ ओतले. मी ओरडलो. "वरतं वजन नोको टाकू! वरून दाबलं का आणखी लवकर जाईन. पाय धर तिचे, पाय! खाली!"

"खाली म्हंजे नाल्यात?"

"मंग काय आभाळात?"

नाल्याचं पाणी मांडीपर्यंत उतरलं होतं. आभाळ पुन्हा भरून येत होतं. वर फुगलेली, भेगाळलेली कड, आणि आम्ही तिच्याखाली जाऊन गोटे रचायचे. चुलतभावाने पाहिलं, थुंकला, म्हणाला, "एकीले वाचवता वाचवता दोघं जासान." घरी जाईल असं मला वाटलं. तो गेला नाही. छत्री उघडून तिच्या गोट्यापाशी बसला.

मी त्याला एक काम दिलं. भेगेच्या अलीकडे एक पऱ्हाटी रोवली, पलीकडे एक, आणि दोघींच्या बेचक्यांत तिसरी काडी आडवी ठेवली. "याच्यावरून नजर काढू नोको, भाऊ. आडवी काडी पडली का बोंबल."

"बोंबलाले काय जाते," तो म्हणाला. "मी तसाबी बोंबलतोच."

आम्ही खाली उतरलो. मुलगा आणि मी. शेजारच्या वावरातला एक गडी वर राहिला, गोटे सोडायला. आधी पायथ्याला मोठे गोटे बसवले, मागे पऱ्हाटीच्या पेंढ्या दाबल्या, मध्ये मुरूम भरला. मुलगा म्हणाला, सिमिटाची भिंत घालू ना, दुकानातून आणतो. मी म्हटलं, सिमिट पाणी कोंडते. पाणी मागे कोंडलं की काळी फुगते आणि भिंतीला धक्का मारते. गोट्यातून पाणी निघून जाऊ दे. बरड पाणी धरत नाही म्हणून सारा जन्म त्याला शिव्या दिल्या. आता तेच पाहिजे होतं.

वरून चुलतभावाचं चालूच होतं. "हाये... हाये... लेकहो, हात चालवा... हाये अजून."

पावसाचा पहिला शिपका आला. मुलाने वर पाहिलं. कडेचं पोट आमच्या डोक्यावर पुढे आलं होतं. मी म्हटलं, आणखी एक थर. तो म्हणाला, बाबा, निघा आता. मी म्हटलं, एक थर. खरं सांगायचं तर तेव्हा मला वर यायचंच नव्हतं. ती वर होती, मी तिच्या पायाखाली होतो, आणि हात कामाला लागले होते. वैशाखापासून पहिल्यांदाच हातांना काही काम मिळालं होतं.

"पडली!" चुलतभाऊ ओरडला. "काडी पडली! निघा बे, निघा!"

मुलाने माझी बंडी धरली आणि मला ओढलं. मी पाण्यात पडलो, उठलो, पुन्हा पडलो. मागे आवाज झाला. धडाम असा नाही. ओलं पोतं टाकावं तसा. बैलाएवढा तुकडा आम्ही उभे होतो तिथं येऊन बसला. पाणी काळं झालं.

मी वर पाहिलं तर गोटा दिसेना.

त्या क्षणी मला जे वाटलं ते लिहिता येत नाही. मुलगा "माय, माय" म्हणत हातांवर रांगत काठ चढला. मग वरून त्याचा आवाज आला, "हाये, बाबा! हाये! कलला नुसता." चुलतभाऊ कडेपासून मागे सरकून चिखलात बसला होता, छत्री उलटी झालेली, आणि दोन्ही हातांनी त्याने तो चुन्याचा गोटा मिठीत धरला होता. जणू गोटा धरला म्हणजे तीही धरली. कड आता एवढी जवळ आली होती की तिथून हात लांबवला तर गोट्याला लागावा.

पण खाली पडलेला तुकडा आमच्या गोट्यांना अडकून थांबला होता. वाहून गेला नाही. मी म्हटलं, हाच आता तिचा टेकू, याला झाका. पावसातच आम्ही त्याच्यावर उरलेले गोटे आणि मुरूम टाकला. चुलतभाऊही घमेलं उचलू लागला.

दुसऱ्या दिवशी दिवसभर झड. मी बरडात उभा, डोक्यावर घोंगडी. सून चहाची केटली घेऊन आली. खाली पांढरं काही दिसतंय का, ते मी तिलाच विचारलं. गोटा कललेला, चुना चिखलाने माखलेला, माझ्या डोळ्यांना तो गवसेना. ती बघत राहिली, बघत राहिली. मग म्हणाली, "दिसून राह्यलं, मामाजी." मी म्हटलं, खरं सांग. ती म्हणाली, "तुमचीच आण." तेव्हा मी चहा प्यालो.

झड उघडली. कड उभी होती. गोट्यांच्या फटींतून बारीक बारीक पाणी बाहेर येत होतं, स्वच्छ, माती नसलेलं. माती नसलेलं पाणी आलं म्हणजे कड धरली गेली.

पाऊस गेल्यावर काळी हाताला येईल अशी झाली, ना ओली ना वाळकी. तेव्हा मी तिच्यावरचा खड्डा नीट भरला. तिथलीच काळी, पण या वेळी एकेक ढेकूळ फोडून, पिठासारखी करून. चुलतभाऊ बाजूला बसून ढेकळं मोगरीने फोडत होता. म्हणाला, "रीत मोडली नाई ना? बाहेरचं घमेलं आत गेलं नाई ना?" मी म्हटलं, नाही, बरड बाहेरच आहे. सुनेने आजूबाजूला हरभरा टाकला. भाजी खुडायच्या दिवसांत ती टोपलं घेऊन तिथंच बसली. मी पाहिलं आणि दुसऱ्या धुऱ्याने गेलो.

मागच्या महिन्यात मुलाने विचारलं. त्याला विचारायचं नव्हतं, पण त्या पावसाने तो घाबरून गेला आहे. "बाबा, तुमचं कोठी करायचं? वरतं ना, आजोबापाशी?"

"खाली," मी म्हटलं. "तिच्या अन् नाल्याच्या मंधात."

"तिथी जागा कोठी हाये? गोटेच गोटे हायेत."

"मले गोटे चालते."

त्याला जामला जायची घाई होती, गाडीला किक मारून गेला.

आता चैत्र लागला आहे. काळी पुन्हा आटायला लागली. भेगा पडत आहेत, चारी दिशांना पडतात तशा, त्यांची मला काळजी नाही. पण एक आहे, टेकूच्या वरच्या अंगाने, नाल्याला समांतर. वाळल्याची आहे की जायची आहे, ते पाऊस लागल्याशिवाय कळणार नाही. टेकाडावर मी मुरमाचा आणि गोट्यांचा ढीग करून ठेवला आहे. घरामागे या साली पऱ्हाटीच्या पेंढ्या मी स्वतः बांधल्या, तिच्यासारख्या घट्ट नाहीत. भेगेच्या दोन्ही बाजूंना काड्या रोवल्या आहेत.

आज सकाळी पाहून आलो. आडवी काडी जागेवर आहे.